सिल्वेस्टर फादरांची बदली

सिल्वेस्टर फादर हयात आहेत आणि धडधाकट आहेत, हे आधीच लिहून ठेवतो. आमच्याकडे कोणाबद्दल चार चांगल्या गोष्टी लिहायला घेतल्या की लोक विचारतात, कधी वारले? वारले नाहीत. त्यांची बदली झाली. त्या बदलीपायी मी जेवढा जीव आटवला तेवढा माझ्या पोरीच्या लग्नात आटवला नव्हता.

मिशनच्या शाळेचे मास्तर म्हणाले, आप्पा, तुम्ही सांगत जा, मी लिहून घेतो. मी नको म्हटलं. मास्तर फार शुद्ध लिहितात, आणि शुद्ध लिहायला गेलं की फादर त्यातून निसटून जातील. मी तिसरीतून शाळा सोडली, पण मला जे लिहायचं आहे त्याला तिसरी पुरते.

आमचं गाव तळोद्याहून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. गावाच्या खालच्या अंगाला आम्हा गुजर पाटलांची केळी, ऊस, मिरची. वरच्या अंगाला सातपुड्याची पहिली टेकडी आणि तिच्या पोटाशी भिलांचे, पावऱ्यांचे पाडे. दोन्हींच्या मधे मिशनचं आवार. एक छोटं चर्च, शाळा, पोरांचं वसतिगृह आणि मागे दोन खोल्या. त्यातल्या एका खोलीत फादर वीस वर्षांच्या वर राहिले.

दिसायला ठेंगणे, सावळे, डोक्यावर केस नावाला. हात मात्र सुतारासारखे. मूळचे पार खाली कर्नाटकातल्या समुद्राकाठचे, घरी नारळ-सुपारीची बाग. शर्ट दोनच. पूजेचा पांढरा झगा धुऊन घडी घालून युरियाच्या रिकाम्या गोणीत ठेवायचे. मी एकदा विचारलं, कपाट असताना गोणीत कशाला? म्हणाले, "कपाटमा उंदीर शिरतस आप्पा. युरियाना वासले ते घाबरतस."

हो, फादर अहिराणी बोलायचे. आल्याबरोबर आधी डोंगरात जाऊन भिली शिकले, आणि अहिराणी शिकले ती तळोद्याच्या बाजारातल्या भाजीवाल्या बायांकडून. मराठी सगळ्यात शेवटी, आणि तीही कागदापुरती. त्यामुळे त्यांची अहिराणी भाजीवालीची होती. तोच हेल, तेच टोमणे. एका पाड्यावरच्या हातपंपाचा कागद तळोद्याच्या एका कचेरीत अडकला होता. साहेब नवे, वरच्या मुलखातून आलेले, छापील मराठी बोलणारे. फादर त्यांच्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, "साहेब, तो कागद सात महिनापासून झोपेल शे. त्याले उठाडा, तोंड धुवा, च्या पाजा, आनि पुढे धाडा." साहेबाला निम्मंच कळलं. शिपाई मात्र हसता हसता दारामागे गेला. दिवाळीच्या आत पंप बसला.

ते आले त्या वर्षी मी त्यांचा वैरी होतो. हे लोक येतात, शाळा काढतात, औषध देतात, मग पाड्यावरची माणसं पाटलाला विचारीनाशी होतात, असं माझं मत होतं. ते मत आजही पुरतं गेलेलं नाही. फादरांपुरतं गेलं.

पाड्यांकडे जायची गाडीवाट माझ्या वावरातून जाते. कागदावर ती वाट नाही. माझ्या बापाने जाऊ दिली म्हणून पडली. फादरांची जीप पहिल्यांदा तिथून गेली त्याच दिवशी मी वाटेवर बाभळीच्या काट्या आणून टाकल्या. पुढच्या रविवारी मुद्दाम केळीच्या कडेला उभा राहिलो. जीप आली, थांबली. फादर उतरले. काट्या पाहिल्या, मग मला पाहिलं. हात जोडून म्हणाले, "राम राम, आप्पा." मी खाकरलो. मला वाटलं आता विनवण्या सुरू होतील, आणि मी काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. पण त्यांनी जीप मागे घेतली, मोठ्या रस्त्याला लावली, पूजेच्या सामानाची पत्र्याची पेटी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि नाल्याच्या काठाने वळसा घालून निघाले. मागे औषधांचं खोकं घेतलेला दामजी पाडवी. हा दामजी पाड्यावरचाच. फादरांची गाडीही चालवायचा, चर्चमधली घंटाही वाजवायचा आणि भांडणंही सोडवायचा.

दर रविवारी हेच. राम राम, पेटी डोक्यावर, नाल्याचा वळसा. पावसाळा लागला, नाल्याकाठी गुडघाभर चिखल झाला, तरी राम राम चुकला नाही.

माझी बायको कोरीटची, म्हणून गावात तिला कोरीटवालीच म्हणतात. ती एका रविवारी भाकरीचा टोपला खाली ठेवून मला म्हणाली, "तो मानूस डोकावर पेटी लिसन चिखलमा चाली ऱ्हायना. तुम्हले काही लाज शे का नई?"

मी म्हटलं, "त्यानी ईचारं तर काढसू."

"आनि तुम्ही आपलं आपलं काढं तर हात झडी जाई?"

"मी कसाले काढू? ईचारू दे ना त्याले."

पाच महिने गेले. सहाव्याच्या पहिल्या रविवारी मीच वाटेत आडवा उभा राहिलो. मी म्हटलं, "फादर, तुम्हले तोंड शे का नई? एकदाव ईचारतात तर काय व्हतं?"

पेटी डोक्यावरून न उतरवताच ते म्हणाले, "ईचारतू तर तुम्ही 'नई' म्हनतात. आनि तुम्हनं 'नई' म्हंजे मरेपावत 'नई'. मंग रस्ता कायमना बंद. म्हनीसन ईचारं नई. थांबनू."

"कितला दिन थांबनार व्हतात?"

"पेटी हलकी शे आप्पा. अजून चार-पाच वरीस काही जड नई."

दामजी तोंड फिरवून खोकल्यासारखं करत हसत होता. मला माझ्या बापानेसुद्धा इतकं नीट ओळखलं नव्हतं, ते या परमुलखातल्या माणसाने पाच महिने नुसतं राम राम करून ओळखलं. मी काट्या पायाने सारल्या. अट एकच घातली, की जाता-येता माझ्या ओट्यावर चहा घेतल्याशिवाय गाडी पुढे जाणार नाही. ही अट त्यांनी वीस वर्षं पाळली. कोरीटवालीचा मिरचीचा ठेचाही वीस वर्षं खाल्ला. समुद्राकाठचा माणूस, नाका-डोळ्यांतून पाणी यायचं, पण वाटी पुढे करायचा.

दुसरी गोष्ट रक्ताची.

डोंगरातल्या लोकांना रक्ताचा एक आजार असतो, सिकलसेल म्हणतात त्याला. आईबापाकडून येतो. माणूस पिवळा पडतो, सांधे धरतात, कधी कधी रक्त द्यावं लागतं. फादरांजवळ एक वही होती. तालुक्यातल्या कोणाचं रक्त कोणत्या गटाचं, ते सगळं तिच्यात. माझं तेवढं नव्हतं. मग माणसं त्यांच्या डोक्यात नावाने राहिलीच नाहीत. बाजारात ओरडून विचारायचे, "बी पॉझिटिव्ह, पपई कितले दिधी?" जातीवरून ओळखण्यात आमची सगळी हयात गेली, आणि हा माणूस पंचायतीच्या सदस्याला आणि त्याच्या सालदाराला एकाच नावाने हाक मारायचा, कारण दोघं एकाच गटाचे.

एका दुपारी मी मिरची वाळत घातलेल्या खळ्यात होतो. जीप आली. दामजीची बहीण नंदुरबारच्या दवाखान्यात बाळंतपणाला नेलेली, रक्त फार गेलेलं. फादर म्हणाले, "आप्पा, रगत पाहिजे."

मी तेव्हा जे बोललो ते लिहितो, कारण बोललो होतो. मी म्हटलं, "मन्हं रगत डोंगरवाली बाईले?"

दामजी जवळच उभा होता. त्याने मान खाली घातली. फादरांना राग आला असता तर मी तिथेच भांडून मोकळा झालो असतो. पण ते थंडपणे म्हणाले, "तसं तुम्हनं चाली असं काही नई. तपासनं पडी. माले वाटस, तुम्हनं चालनार नई."

"काबर चालनार नई?"

"उगाच आपलं वाटस."

सात पिढ्यांच्या पाटलाचं रक्त चालणार नाही म्हणतो हा माणूस. मी टोपी घातली आणि त्यांच्या आधी जीपमध्ये जाऊन बसलो. दवाखान्यात तपासलं तर ओ निगेटिव्ह. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, हे रक्त अडीनडीला कोणालाही देता येतं, आणि फार थोड्या लोकांचं असतं. सुई टोचताना मी छताकडे पाहत होतो. फादर माझ्या कानाशी म्हणाले, "दखा आप्पा. तुम्ही सगळासले 'नई' म्हनतस, पन तुम्हनं रगत कोनलेच 'नई' म्हनत नई."

परतीच्या वाटेवर मी विचारलं, माझं रक्त चालेल हे तुम्हाला माहीत होतं का? म्हणाले, "रगत माहीत नव्हतं. आप्पा माहीत व्हता."

दामजीची बहीण वाचली. मुलगी झाली होती, तीही वाचली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात त्या पाड्यावरून आमच्या घरी आमचूर येतं, आणि आमच्या डाळीला दुसरा आंबटपणा लागत नाही. त्यानंतर वयाची मर्यादा येईपर्यंत मी किती वेळा रक्त दिलं ते सांगत नाही. कोणी विचारलं तर सांगतो.

मी देवाधर्माचं त्यांच्याशी बोललो नाही, त्यांनीही काढलं नाही. एकदाच मी विचारलं, ते लोक तुमच्यासमोर गुडघे टेकून काय सांगतात? म्हणाले, "तुम्ही बांधवर बठीसन दुसरासनं सांगतस तेच. ते स्वतःनं सांगतस." त्याच सुमाराला माझ्या उसातून ठिबकच्या नळीची दोन वेटोळी चोरीला गेली. मला पक्का संशय, की चोर रविवारी फादरांसमोर गुडघे टेकून कबुली देऊन आला असणार. मी त्यांना गाठलं. म्हटलं, नाव नका सांगू, नुसतं हो की नाही सांगा. ते पावसाबद्दल बोलायला लागले. मी पाटलाचा आवाज काढला. ते माझ्या म्हशीबद्दल बोलायला लागले. मी चहा बंद करायची धमकी दिली. ते उठून विहिरीतलं पाणी किती खाली गेलंय ते वाकून पाहायला लागले. चार दिवसांनी दोन्ही वेटोळी बांधावर होती, नीट बांधलेली. चोर कोण ते मला आजतागायत कळलेलं नाही. कळेल असं वाटतही नाही.

मिशनच्या मागे त्यांनी दोन नारळ लावले होते. आमच्या हवेत नारळ वाढतो, पण फळाच्या बाबतीत मनाला येईल तसं वागतो. यांचे दोन्ही ताडमाड वाढले आणि एक नारळ देईनात. मी म्हटलं, "फादर, झाडासनी बी लग्न न करानी शपथ लिधी वाटस." त्यावर ते इतके हसले की पुढच्या रविवारी पूजेत त्यांनी ते लोकांना सांगितलं. मग मी विचारलं, की तुम्ही नेमकी शपथ कसली घेतली? कारण फादरही दोन तऱ्हेचे असतात म्हणे, आणि हे एका व्रतस्थ मंडळातले. त्यांनी बोटावर मोजून सांगितलं. लग्न करायचं नाही. स्वतःचं म्हणून काही ठेवायचं नाही. आणि वरचे जिथे धाडतील तिथे जायचं.

मी म्हटलं, पहिली सगळ्यात कठीण असेल.

"पहिला दोननी सवय व्हई जास," ते म्हणाले. "तिसरं दर खेपले नवं ऱ्हास."

मी तेव्हा त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

मागच्या वर्षी चांदसैलीच्या घाटात त्यांची मोटारसायकल घसरली. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात मी भेटायला गेलो तर म्हणाले, "पडनू. पन पेटी वाचनी." वय सत्तरीच्या पुढे. तीन महिन्यांनी काठी घेऊन चालायला लागले आणि त्याच आठवड्यात पत्र आलं. त्यांच्या मंडळाचं दक्षिणेत म्हाताऱ्या फादरांचं एक घर आहे, तिथे जायचं. पंधरा दिवसांत. फादरांनी ते पत्र वाचलं, दामजीला दाखवलं, आणि त्याच दिवशी एक पिशवी भरून दाराशी ठेवली. पंधरा दिवस पिशवी दाराशीच होती. त्यांच्याकडे भरायला दुसरं काही नव्हतंच.

मला हे दामजीने सांगितलं. मी म्हटलं, बदलीच ना? मग रद्द करता येते.

तलाठ्याची, ग्रामसेवकाची, मास्तराची बदली कशी थांबवायची हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. अर्ज करायचा. सह्या आणि अंगठे घ्यायचे. शाल, नारळ घेऊन शिष्टमंडळ न्यायचं. साहेब ऐकेना तर टाळं. मी तीन दिवस फिरलो. खालच्या गावाचे अंगठे घेतले, वरच्या पाड्यांचे घेतले. एका कागदावर गुजर, भिल, पावरा असे सगळे अंगठे मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. अर्ज मास्तरांनी लिहिला. शेवटची ओळ मी घातली, की बदली रद्द न झाल्यास समस्त ग्रामस्थ चर्चला टाळे ठोकतील.

दामजी म्हणाला, "आप्पा, आम्हनं चर्चले तुम्ही टाळं लावशात, मंग आम्ही पूजा कोठे करसूत?"

"अंगनमा करा दोन रविवार. टाळाशिवाय अर्जले वजन येत नई."

फादरांचे वरचे साहेब नंदुरबारला पाहणीसाठी आले होते. आम्ही दोन जीप भरून गेलो. शाल, नारळ, केळीचा एक घड आणि माझ्या शेतातले पाच ऊस. साहेब म्हणजे मला वाटलं कोणी दांडगा माणूस असेल. निघाला चाळिशीतला किडकिडीत फादर, जुनी चप्पल घातलेला. त्याने आम्हा सगळ्यांना बसवलं, स्वतः चहा आणला. अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि शेवटच्या ओळीवर थांबला.

"आप्पा," तो म्हणाला, "फादरांना घालवण्यासाठी चर्चला टाळं लावलेलं मी ऐकलं आहे. ठेवून घेण्यासाठी लावलेलं पहिल्यांदाच ऐकतो."

मी म्हटलं, "कुलूप आणलंय. गाडीत आहे."

तो हसला नाही. त्याने सरळ सांगितलं. त्या घरातले म्हातारे फादर खाटेला टेकले आहेत. त्यांच्यात बसणारा, हसवणारा, पाण्याची मोटार बिघडली तर उघडून पाहणारा कोणी नाही. म्हणून सिल्वेस्टर फादरांना धाडतो आहे. "पण ते मला शिकवणारे आहेत, आप्पा. मी त्यांना तीनदा विचारलं, तुमची काही इच्छा आहे का? ते म्हणतात, तुम्ही धाडाल तिथे. त्यांनी एकदा स्वतःच्या तोंडाने सांगितलं की मला इथेच राहायचं आहे, तर मी हे पत्र फाडतो. तिथे दुसरा कोणी शोधतो. माझा शब्द."

आम्ही जिंकून परत आलो. जीपमध्ये लोक गात होते. एका वाक्याचं काम, आणि फादर म्हणजे बोलणारा माणूस.

फादर वसतिगृहाच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालत होते, स्टुलावर बसून. मी सगळं सांगितलं. अर्ज कोणी केला? मी. टाळं? तेही मीच. ते इतके हसले की तेलाची बुधली दामजीला धरावी लागली. मी थांबलो. हसणं संपलं. मग मी म्हटलं, "तर मंग फोन लावा. एक शब्द सांगी द्या."

ते बिजागरीचं तेल बोटाने पुसत म्हणाले, "नई आप्पा."

"नई म्हंजे? तुम्हले अठे ऱ्हावानं नई?"

"शे ना. खोटं कसाले बोलू? अठेच ऱ्हावानं शे. पन मी शपथ लिधी तधळ सांगं व्हतं, धाडशात तठे जासू. आवडी तठे जासू, असं नई सांगं. आते शेवटले मी मन्ही आवड सांगी टाकू, मंग आधीना सगळा रस्ता कसाले चालनू?"

"आम्ही काहीच नई का तुम्हले?"

"तुम्हले मोटार दुरुस्त कराले तालुकामा दहा जन शेत. तठे ते म्हातारा बठेल शेत, त्यासले कोनी नई."

मी खूप बोललो. पाटलाचा आवाज काढला, मग साधा आवाज काढला. दामजीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्याच्याकडे बोट दाखवलं. काही उपयोग नाही. शेवटी म्हटलं, एका शब्दावर अडलंय आणि तो तुम्ही बोलत नाही, याला आमच्यात आडमुठेपणा म्हणतात.

"शेच आडमुठेपना," फादर म्हणाले. "वीस वरीस तुम्हना वट्टावर च्या पिनू. कोठून तरी लागनारच."

मला हसू आलं असतं, पण मी रागावलेला होतो. मी म्हटलं, "निरोपले मी येनार नई. सांगी ठेवस."

"बरं," ते म्हणाले, आणि दुसऱ्या बिजागरीला लागले.

निरोपाच्या दिवशी पाड्यांवरचे ढोल सकाळपासून वाजत होते. कोरीटवाली नवं लुगडं नेसून गेली, मला न विचारता. मी उसाला पाणी भरत होतो. ढोल माझ्या वावरापर्यंत ऐकू येत होते, ते थांबेपर्यंत मी तीन वाफे जास्तीचे भरले. मग जीपचा आवाज आला. मोठ्या रस्त्याने स्टेशनकडे जायचं सोडून जीप गाडीवाटेने माझ्या वावरात शिरली. दामजी चालवत होता. फादर काठी टेकत उतरले. गळ्यात झेंडूचे हार, कपाळभर गुलाल.

"तुम्ही उनात नई," ते म्हणाले.

"मी सांगं व्हतं, येनार नई."

"तुम्ही सांगं व्हतं. मी कोठे सांगं व्हतं, येनार नई?"

ते बांधावर बसले. मी फावडं टेकून उभा राहिलो. पाणी पाटातून भलतीकडे चाललं होतं, ते दोघांनीही पाहिलं आणि कोणी हललं नाही.

मग म्हणाले, "आप्पा, एक मांगस तुम्हले."

वीस वर्षांत त्यांनी स्वतःसाठी माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. रस्ता मागितला नाही. रक्त मागितलं ते दुसऱ्यासाठी. साहेबाकडे राहायची जागा मागितली नाही.

"स्टेशनपावत चाला मन्हा संगे."

मी फावडं तिथेच टाकलं. पायांचा चिखल पाटात धुतला आणि मागच्या सीटवर त्यांच्या शेजारी बसलो. नंदुरबारपर्यंत आम्ही मिरचीच्या भावाबद्दल बोललो.

स्टेशनवर गाडी सुरतेकडे जाणारी. तिथून पुढे दुसरी. फलाटावर त्यांनी गळ्यातला एक हार काढून माझ्या गळ्यात घातला, दुसरा दामजीच्या. मला मिठी मारली. त्यांच्या गुलालाने माझी टोपी लाल झाली. मग ते डब्यात चढले. मी जीपमध्ये बसल्यापासून एक वाक्य मनात जुळवत होतो. मिरचीच्या नादात बोलायचं राहिलं होतं. म्हटलं, आता खिडकीत बसले की सांगू.

मी खिडकीशी गेलो तर आत गोंधळ चालला होता. एका म्हातारीचं बोचकं सुटून मधल्या वाटेत सांडलं होतं, डाळ, भांडी, लुगडी. तिची सून पोराला कडेवर घेऊन ते गोळा करत होती, आणि समोरचा माणूस पाय उचलायला तयार नव्हता. फादरांनी पिशवी वरच्या फळीवर फेकली. सुनेच्या हातातलं पोर स्वतःच्या मांडीवर घेतलं, काठीने एक डबा सीटखालून ओढून काढला, आणि त्या समोरच्या माणसाला तळोद्याच्या भाजीवालीच्या हेलात काहीतरी म्हणाले. माणूस आधी चमकला, मग हसला, आणि खाली वाकून भांडी वेचायला लागला.

गाडी हलली. फादरांची पाठ माझ्याकडे होती. पोर त्यांच्या गळ्याला लागलेला गुलाल बोटाने ओरबाडत होतं. मी खिडकीबरोबर चार पावलं चाललो. दामजीने हाक मारायला तोंड उघडलं, तसा मी त्याचा हात धरला.

म्हटलं, "ऱ्हाऊ दे. ते कामले लागी ग्यात."